पावसात बाइक थांबवताना पुढचा ब्रेक लावावा की फक्त मागचा?

दोन्ही लावा, पुढचा तर अजिबात टाळू नका. फक्त तो झटक्यात आवळायचा नाही. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे ओल्या रस्त्यावरही जास्त पकड पुढेच मिळते. नुसता मागचा दाबला तर हलकं झालेलं मागचं चाक जाम होतं आणि गाडी मागून सरकते. बारा पावसाळे रोज पनवेल-ठाणे बाइकने करतोय, त्यावरून सांगतो: हँडल सरळ, दोन बोटं लिव्हरवर, आधी हलका दाब, पुढचे शॉकअप खाली बसल्याचं हाताला जाणवलं की मग जोर वाढवा. साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक एकदोनदा हलके लावून घ्या, ओले असताना पहिल्यांदा ते उशिरा धरतात. मात्र गाडी वळणात कललेली असेल, किंवा चाक झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर, गटाराच्या झाकणावर, पुलाच्या लोखंडी जोडावर असेल तेव्हा पुढचा ब्रेक नको, वेग त्याआधीच उतरवा. एबीएस असलं तरी हेच करा, कारण ते चाक जाम होऊ देत नाही, पण गुळगुळीत लोखंडावर पकड कुठून आणणार?