बायोमेडिकल इंजिनिअरिंग करून ओपन सोर्स वैद्यकीय उपकरणं आणि आपत्तीग्रस्त भागातलं स्वयंसेवी काम यांत करिअर होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी थ्रीडी प्रिंटरवर स्टेथोस्कोप केलाय, आणि पुढे युद्ध किंवा भूकंप झालेल्या भागात जाऊन असंच काम करायचंय. घरचे म्हणतात, आधी नोकरी कर. म्हणून प्रश्न असा की याला करिअर म्हणायचं की छंद, आणि यावर घर चालतं का.

घरचे बरोबर सांगतायत. फक्त त्यांच्या मनात पगार असणार आणि माझं कारण वेगळं आहे. आधी नोकरी करा, आणि तीही सर्व्हिस इंजिनिअरची, कारण या क्षेत्रात तुमची किंमत तुम्हाला काय डिझाइन करता येतं यावर ठरत नाही. बंद पडलेलं यंत्र चालू करता येतं का, यावर ठरते.

मी स्वतः मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल केलं. बरोबरीचे बहुतेक जण सॉफ्टवेअरला गेले. मी एका डीलरकडे सर्व्हिसला लागलो: व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, बेबी वॉर्मर. डोंबिवलीच्या नर्सिंग होमपासून नंदुरबारपर्यंत बॅग खांद्याला लावून फिरणं हेच काम. नातेवाइकांत ‘स्क्रूड्रायव्हर इंजिनिअर’ अशी ख्याती झाली, ती अजून गेलेली नाही. पण त्या फिरण्यात एक गोष्ट पक्की कळली. यंत्र बंद पडतं ते बहुतेक वेळा फालतू कारणाने. बीपी कफ गळतो, पल्स ऑक्सिमीटरच्या प्रोबची वायर मुळाशी तुटते, सक्शन मशीनच्या बाटलीतलं पाणी पंपात शिरतं, ऑटोक्लेव्हचं (अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचं) गॅस्केट कडक होतं. आणि मग यंत्र वर्षानुवर्षं कोपऱ्यात पडून राहतं, कारण सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या ताब्यात, सर्व्हिस मेनूला पासवर्ड, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपलेली आणि बोर्ड बदलायचं कोटेशन नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीचं. सरकारी दवाखाना असेल तर डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, मग निर्लेखनाचा, म्हणजे यंत्र मोडीत काढण्याचा, प्रस्ताव, आणि तो प्रस्ताव पास होईपर्यंत त्या यंत्रावर फायलींचे गठ्ठे.

ओपन सोर्सशी, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल अशा खुल्या माहितीशी, माझी ओळख इथून झाली. प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) वगैरे फार नंतर आलं. ‘फ्रँक्स हॉस्पिटल वर्कशॉप’ नावाची एक साइट आहे. दिसायला अगदी जुनाट, पण जगभरच्या हॉस्पिटल टेक्निशियन लोकांचा तो हक्काचा ठेवा. शेकडो यंत्रांची सर्व्हिस मॅन्युअल्स, सर्किटं, कुठलं यंत्र कसं चालतं याची साधी टिपणं, सगळं फुकट. पुढे २०२० मध्ये कोविडच्या काळात आयफिक्सिट या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या साइटने अशीच मोठी यादी तयार केली, त्यात तेरा हजारांच्या वर मॅन्युअल्स एकत्र आली. तुम्ही ‘ओपन सोर्स वैद्यकीय उपकरण’ म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर प्रिंट केलेला कृत्रिम हात येतो ना? माझ्या डोळ्यांसमोर पीडीएफ येते.

आता नेपाळ. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सर्वांत जास्त माणसं गेली ती सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. भूकंपानंतर काही महिन्यांनी एका छोट्या संस्थेबरोबर मी त्या जिल्ह्यात गेलो. आरोग्य केंद्राची इमारत बसली होती, काम पत्र्याच्या शेडमध्ये चालू होतं. शेडच्या मागच्या बाजूला देणगीतून आलेली यंत्रं ताडपत्रीखाली ठेवलेली. त्यात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, दोन्ही बंद.

पहिल्याच्या मागची पाटी वाचली: ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणजे अमेरिकेसाठी बनवलेला. नेपाळात आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज. कुणीतरी पिन बदलून सरळ प्लगमध्ये घातला होता, बोर्ड जळलं होतं. न जळतं तरी फार उपयोग नव्हता. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट कमी करता येतात, हर्ट्झ नाही बदलत. ६० ची मोटर ५० वर चालवली की कॉम्प्रेसर हळू फिरतो, हवा कमी येते आणि पाच लिटरचं यंत्र पाच लिटर धड देत नाही. देणगी देणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

दुसरा २३० व्होल्टचा होता, पण चालू केला की थोड्या वेळाने लाल दिवा. या यंत्रात झिओलाइट नावाच्या दाण्यांनी भरलेली दोन नळकांडी असतात. कॉम्प्रेसर हवा दाबून एकात घालतो, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. तेवढ्यात दुसरं नळकांडं दाब सोडून धरलेला नायट्रोजन बाहेर टाकतं. मग पाळी उलटी. दर काही सेकंदांनी जो ‘फुस्स’ आवाज येतो तो याचाच. चांगल्या यंत्रातून ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन येतो, ८२ च्या खाली गेला की लाल दिवा. आम्ही नेलेल्या ऑक्सिजन मोजायच्या अॅनालायझरवर ६० आणि ७० च्या मध्ये काहीतरी दिसत होतं. फिल्टर धुतले, सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले, एक सैल क्लॅम्प सापडला, तो आवळला. आकडा जरा चढला, पण दिवा लालच. झिओलाइटला ओल सोसत नाही. यंत्राच्या नळ्या उघड्या राहिल्या होत्या आणि अख्खा पावसाळा ते ताडपत्रीखाली काढलेलं होतं. नळकांडी गेली होती.

मग जळक्या अमेरिकन यंत्राची नळकांडी काढून याला बसवली. त्याच्या नळ्यांची तोंडं बंद राहिल्याने ती कोरडी होती. बसवताना कुठला सांधा कशाने आवळायचा, चाचणीत किती दाब दिसला पाहिजे, हे सगळं मॅन्युअलमध्ये होतं, आणि मॅन्युअल काठमांडूतच डाउनलोड करून ठेवलेलं, कारण वर नेट नव्हतं. अर्ध्या तासाने आकडा ९० च्या पुढे गेला. तिथल्या सिस्टरने यंत्राच्या वहीत नोंद केली. आधीच्या नोंदीत तारखा २०७१ सालच्या होत्या. आपल्याकडून गेलेला माणूस हे पाहून जरा दचकतो. तिथे विक्रम संवत चालतो आणि २०१५ चा भूकंप त्यांच्या लेखी २०७२ च्या वैशाखातला. देवनागरी वाचता येते म्हणून सगळं कळतंय असं समजून चालू नका, एवढंच.

या सगळ्यात खरा कामाचा माणूस मी नव्हतो. बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा होता, त्याला सिस्टरने बोलावून आणलं होतं. त्याने ऑक्सिमीटरचे तुटलेले प्रोब असे काही सोल्डर केले की मी बघत राहिलो. त्याला फक्त कुठली वायर एलईडीची आणि कुठली सेन्सरची, हे सांगावं लागलं. आम्ही परत आलो, तो तिथेच आहे.

हा माझा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट माल्किन यांनी यावर अभ्यास केलाय. २०११ च्या अभ्यासात त्यांनी आणि लोरा पेरी यांनी सोळा देशांतल्या एक लाखाहून जास्त उपकरणांच्या नोंदी पाहिल्या. ३८ टक्क्यांहून जास्त उपकरणं बंद. त्याआधी, २०१० मध्ये, गरीब देशांतल्या हॉस्पिटलांमधून आलेल्या दुरुस्तीच्या मागण्या तपासून माल्किन यांनी दाखवलं होतं की बंद यंत्रांपैकी साधारण दोन तृतीयांश यंत्रं फक्त १०७ कौशल्यांच्या जोरावर, बाहेरून सुटे भाग न मागवता चालू होतात. कौशल्यं म्हणजे वीजपुरवठा, प्लंबिंग, मोटर, सोल्डरिंग, आणि वापरणाऱ्याला नीट शिकवणं. यातलं आपल्या अभ्यासक्रमात किती आहे ते तुम्हीच बघा. आयटीआयचा मुलगा यात तुमच्या पुढे असेल.

म्हणजे नवं डिझाइन करण्यात अर्थ नाही असं मी म्हणत नाही. तुमच्या स्टेथोस्कोपचंच घ्या. तो बहुधा ग्लिया प्रकल्पाच्या फायलींवरून केला असणार. कॅनडातले पॅलेस्टिनी वंशाचे डॉक्टर तारेक लुबानी गाझामध्ये काम करताना स्टेथोस्कोप पुरत नव्हते म्हणून रुग्णांच्या छातीला कान लावून तपासायचे. त्यातून हे सुरू झालं. तीन डॉलरच्या आत पडणारा स्टेथोस्कोप, पडदा कापायचा तो ऑफिसच्या फाइलच्या प्लास्टिक कव्हरमधून. पण मला त्यातली स्वस्ताई तितकीशी भावत नाही. त्यांनी त्याचा आवाज वेगवेगळ्या कंपनसंख्यांना लिटमन कार्डिओलॉजी ३ या नावाजलेल्या स्टेथोस्कोपशी ताडून पाहिला आणि निकाल २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात छापला, कुणीही पुन्हा करून पाहावा म्हणून. छातीला टेकवायचा भाग आतून भरीव छापायला सांगतात तेही आवाज नीट यावा म्हणूनच. तुम्ही तुमचा स्टेथोस्कोप कशाशी ताडून पाहिलात? प्रश्नात ते लिहिलेलं नाही. नसेल केलं तर प्रोजेक्ट अजून अर्धाच झालाय.

आणि युद्धभूमीत जायचं म्हणताय म्हणून सांगतो. १४ मे २०१८ रोजी गाझाच्या सीमेवर याच लुबानींच्या पायात गोळी लागली. ते तेव्हा तिथे जखमींना तपासत होते आणि त्यांच्याच गटाने छापलेले टुर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचे पट्टे) सोबत होते. त्यांना मदत करणारे पॅरामेडिक मूसा अबू हसनैन साधारण तासाभराने गोळी लागूनच गेले. फोटो बघून निर्णय घेऊ नका.

आपल्या देशात ‘ओपन सोर्स’ शब्द यायच्या आधीचं उदाहरण म्हणजे जयपूर फूट हा कृत्रिम पाय. १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो केला, पेटंट घेतलं नाही, म्हणूनच तो इतक्या देशांत पोचला. शेताच्या चिखलात अनवाणी चालता येतं, मांडी घालून बसता येतं. परदेशी पायात ते जमत नव्हतं. यात डॉक्टरइतकाच कारागीर महत्त्वाचा होता, पण १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला.

उलट उदाहरण २०२० चं. अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मोटरने दाबणारे ‘ओपन सोर्स व्हेंटिलेटर’ तेव्हा गल्लोगल्ली झाले होते. वर्तमानपत्रात फोटो आले. त्यातले फारच थोडे रुग्णाला लागले, आणि ते बरंच झालं म्हणायचं. बॅग दाबणं सोपं आहे. फुप्फुसात दाब किती चढला, नळी निसटली तर अलार्म वाजतो का, महिनाभर न थांबता चालेल का, अवघड असतं ते हे. त्याच काळात फेस शील्डचं काम मात्र झकास झालं. मुंबईच्या मेकर्स असायलम या कार्यशाळेने सुरुवात केली आणि देशभरातल्या छोट्या कार्यशाळांनी मिळून दहा लाख शील्ड तयार केली. वस्तू साधी, बिघडली तर कुणी मरत नाही, कच्चा माल गावात मिळतो. छापायचं असेल तर असं काहीतरी निवडा. लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळीच वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आलीत. डिझाइन फुकट वाटलं म्हणून कायदा सुटत नाही.

आता तुमच्यापुरतं. तुमचं कॉलेज मुंबई, पुणे, नागपूर यांपैकी कुठेही असेल तर आयआयटी मुंबईचं बेटिक हे वैद्यकीय उपकरणं घडवणारं केंद्र बघा. २०१४ मध्ये राज्य सरकारच्या विज्ञान आयोगाच्या पैशातून ते सुरू झालं, आणि पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात आहेत. डॉक्टरांच्या खऱ्या अडचणीवर काम करण्याची शिस्त तिथे लागते. सॉफ्टवेअरकडे ओढा असेल तर बाहमनी बघा, छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात वापरून घडलेली, रुग्णांच्या नोंदी ठेवायची ओपन सोर्स प्रणाली आहे. मॅन्युअलचं मराठी-हिंदीत सोपं रूप करणं, चाचणीचे निकाल लिहिणं ही कामं करायला सहसा कुणी पुढे येत नाही. त्यातच तुमचं नाव होईल.

स्वयंसेवेच्या जाहिराती मात्र तपासून घ्या. दोन आठवडे येऊन जाणारा इंजिनिअर म्हणजे दवाखान्याला एक पाहुणा सांभाळायचं काम. तिथे कुठली यंत्रं आहेत त्याची यादी मागा, नंतर ती कोण सांभाळणार ते विचारा. उत्तर येत नसेल तर जाऊ नका. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्ससारख्या संस्था बायोमेडिकलवाल्यांना घेतात, मानधनही देतात, पण निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. तो सर्व्हिसच्या नोकरीत मिळतो. घरच्यांना हे असंच सांगा, त्यांनाही पटेल.

पैशांचं विचारलंत. माझी नोकरी आहे, आणि बाहेर जातो तेव्हा बिनपगारी रजा घेतो. फक्त यावर घर चालवणारी माणसं आहेत, थोडी आहेत, आणि ती बहुतेक प्रशिक्षण देण्याचं काम करतात.

पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा. नेपाळला लागत नाही, पण बहुतेक बाकी ठिकाणी लागतो आणि बोलावणं आलं की आठवड्याभरात निघावं लागतं.