अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेटचा डीएआर ४ आला, मग बाकीच्या तपासण्या कशाला?

अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट म्हणजे कॅन्सरच्या पेशीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर औषध जोडून केलेला रेणू, आणि डीएआर म्हणजे एका अँटिबॉडीवर सरासरी किती औषधरेणू बसले तो आकडा. तुमचा प्रश्न असा, की तो हवा तसा ४ आला, तर बॅच पास का करत नाहीत? मी रोज याच तपासण्या करते, म्हणून सांगते: नुसत्या सरासरीवर विसंबू नका.

अ‍ॅडसेट्रिस या कॉन्जुगेटचं उदाहरण घ्या (अमेरिकेत मंजुरी २०११). त्यात औषध अँटिबॉडीतल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर जोडतात. आयजीजी-१ या प्रकारच्या अँटिबॉडीच्या साखळ्या ४ डायसल्फाइड बंधांनी (दोन सिस्टीनमधल्या गंधकाच्या दुव्यांनी) एकमेकींना बांधलेल्या असतात. टीसीईपी या बंध तोडणाऱ्या रसायनाने एक बंध तोडला की दोन सिस्टीन मोकळी होतात, त्यामुळे औषध बहुतेक जोडीनेच बसतं: ०, २, ४, ६ किंवा ८. आता प्रत्येक रेणूवर ४ बसली तरी सरासरी ४, आणि निम्मे रेणू कोरे नि निम्म्यांवर ८ बसली तरीही ४च! कोरा रेणू कॅन्सरच्या पेशीवर जागा अडवतो, पण तिला मारत नाही. एमएमएईसारखं (अ‍ॅडसेट्रिसमधलं औषध) पाण्याशी न जमणारं औषध ८ ठिकाणी लागलं, तर तो रेणू रक्तातून लवकर बाहेर पडतो, असे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या व्हायची भीतीही वाढते.

हे दिसतं एचआयसीवर, म्हणजे पाण्याशी कोण किती जमत नाही त्यानुसार रेणू वेगळे करणाऱ्या तपासणीत. अमोनियम सल्फेट हे मीठ भरपूर असताना सगळे रेणू कॉलमला धरून बसतात. मीठ उतरवत नेलं की आधी कोरा सुटतो, मग २चा, आणि ८चा अगदी शेवटी. आमच्या एका प्रायोगिक बॅचचा डीएआर अगदी बरोबर आला होता, पण ग्राफवर मधलं शिखर खुजं आणि दोन्ही टोकं वर आलेली. शोधल्यावर कळलं, टीसीईपी घातल्यानंतर बराच वेळ ढवळणं बंद होतं. ती बॅच टाकून दिली, आणि ते योग्यच झालं.

मास स्पेक्ट्रोमेट्रीही (रेणूचं वजन मोजायची तपासणी) नेटिव्ह पद्धतीनेच, म्हणजे रेणूची मूळ घडी न मोडता करा. बंध तुटलेल्या साखळ्या आम्लात नि सॉल्व्हंटमध्ये सुट्या होतात, मग अख्खा रेणू दिसतच नाही.

कॅडसायला या दुसऱ्या कॉन्जुगेटचं गणित वेगळं. तिथे जोडणी लायसिन या अमिनो आम्लावर, सरासरी साधारण ३.५. जागा इतक्या, की एचआयसीवर नीट शिखरं पडत नाहीत. तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीच कामाची.

मग एन्हर्टू या कॉन्जुगेटवर साधारण ८ औषधं कशी चालतात, असं तुम्ही विचाराल. तिथे जवळजवळ प्रत्येक रेणू ८चाच असतो, आणि लिंकर (औषध अँटिबॉडीला जोडणारा दुवा) व औषधाची जोडी अशी निवडली आहे की एवढा भार घेऊनही रेणू रक्तात टिकतो. मला या क्षेत्रातलं हे सगळ्यात सुंदर काम वाटतं.

गुठळ्यांसाठी एसईसी (आकारानुसार रेणू वेगळे करणारी तपासणी) आणि न जोडलेल्या मोकळ्या औषधाची तपासणी लागतेच. मोकळं औषध निरोगी पेशीतही शिरतं, त्यामुळे तिथे सूट नाही. तुमच्या हातात पुढचा रिपोर्ट आला, की आकड्याआधी एचआयसीचा ग्राफ मागा आणि आधीच्या बॅचच्या ग्राफवर ठेवून बघा.