संप म्हणजे काम संपवणं नव्हे हो!

प्रश्न असा आलाय: "ॲपवरच्या टॅक्सीवाल्यांनी दोन दिवस ॲप बंद ठेवलं तर त्याला संप म्हणायचं की बंद? आणि संप हा शब्द 'संपणे' वरूनच आलाय ना, काम संपवलं म्हणून संप?"

नाही. नाही आणि नाही. हे 'काम संपवलं म्हणून संप' मी शाळेपासून ऐकतोय, मध्ये एका भाषेच्या सदरातसुद्धा अगदी ठामपणे छापून आलं होतं, लिहिणारे गृहस्थ प्राध्यापक आहेत म्हणे. अहो, संपणे हे 'समाप्त'च्या घराण्यातलं, सम् अधिक आप्. आणि संप हा 'संपद्'च्या घरातला, सम् अधिक पद्, म्हणजे एकत्र येणं, जुळणं, एकमत होणं. दिसायला सारखे म्हणून भाऊ होत नाहीत, नाहीतर 'पाठ' आणि 'पाट' पण जुळे ठरतील.

संपाचा बाकीचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मजा पुढे आहे.

१९८३ साल असेल. वडील गिरणीत, संप चालू होऊन वर्ष उलटलेलं, आणि आई घाटकोपरच्या एका गुजराती कापडवाल्याकडून काजं-बटणांचं काम आणायची, मी पिशवी धरायला. एकदा शेटची दोन मुलं गल्ल्यापाशीच कडाकडा भांडत होती आणि आतून त्यांची बा ओरडली, "बेउ भाई संपीने रहेजो!" मी गारच. आमच्या घरी संपामुळे डाळीत पाणी वाढलेलं आणि ही बाई स्वतःच्या पोरांना संप करून राहा म्हणते? घरी येताना आईने सांगितलं, अरे त्यांच्यात संप म्हणजे एकी. मिळून मिसळून राहा म्हणाली ती. गुजरातीत म्हणच आहे, 'ज्यां संप त्यां जंप', जिथे एकी तिथे शांतता. आणि आपल्या स्ट्राइकला ते म्हणतात हडताळ.

म्हणजे बघा, शब्द तोच. त्यांच्याकडे घरात सुखाने नांदला आणि आपल्याकडे गिरणीच्या गेटावर जाऊन उभा राहिला. आपल्याही जुन्या कोशांत संप म्हणजे आधी जूट, एकोपा, कट असंच आहे, काम बंद नंतर. आणि सगळ्यात गोड गोष्ट, संपत्ती हा शब्दही त्याच सम्-पद् मधून आलाय! मालकाची संपत्ती आणि कामगारांचा संप एका आईची लेकरं. हे मला कळलं त्या रात्री मला झोप नाही, खरं सांगतो.

आता माझी थिअरी, पटली तर घ्या. काही लोक म्हणतात की गिरणीमालक गुजराती बोलणारे होते, त्यांच्याकडून शब्द आला. मला हे अजिबात पटत नाही. मालकाच्या तोंडी संप चांगल्या अर्थाने असताना त्याच शब्दाने कामगार त्याच्याविरुद्ध उभा राहील? शब्द आपलाच, अर्थ गेटावर आवळला गेला. पुरावा काय? पुरावा क्रियापदं. बंद पाळतात, हरताळ पाळतात, उपवास पाळल्यासारखा. संप कुणी पाळत नाही. संप करतात, संपावर जातात, आणि मुख्य म्हणजे संप *फोडतात*. फोडायला आधी काहीतरी एकजीव लागतं ना? गट फोडतात, जूट फोडतात, पक्ष फोडतात (ते तर विचारूच नका). थांबलेलं काम कसं फोडणार? संपफोड्या हा शब्द जोपर्यंत मराठीत आहे तोपर्यंत संप म्हणजे एकी हे भाषेनेच जपून ठेवलंय, आपण विसरलो तरी.

कायद्यालाही हे कळलं होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाची व्याख्या वाचा, कामगारांच्या समूहाने *एकत्र मिळून* काम थांबवणं. एकट्याने घरी बसलात तर ती गैरहजेरी. २०२० च्या नव्या संहितेत तर पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून कॅज्युअल रजा टाकली तरी तो संप धरलाय. इंग्रजांनी १७९९ आणि १८०० मध्ये मजुरांच्या एकत्र येण्यावर बंदी आणणारे कायदे केले त्यांचं नावच कॉम्बिनेशन ॲक्ट, म्हणजे आपल्या भाषेत सरळ 'संपबंदी'. त्यांचा स्ट्राइक मात्र जहाजावरून आला, १७६८ मध्ये लंडन बंदरात खलाशांनी शिडं खाली उतरवली, शिड उतरवणे म्हणजे स्ट्राइक. आणि फ्रेंच लोक संपाला 'ग्रेव्ह' म्हणतात, पॅरिसमधल्या नदीकाठच्या प्लास द ग्रेव्ह या चौकावरून, जिथे बेकार लोक काम मिळेल म्हणून उभे राहायचे, आपला मजूर नाकाच तो. कुणाचं शिड, कुणाचा नाका. एकीवरून नाव ठेवलं ते आपण.

आता कुणीतरी म्हणणारच, की एवढी कसली एकी? बरोबर आहे, तेही सांगतो, कारण शब्दावर प्रेम म्हणून इतिहास लपवायचा नसतो. गिरणीत विणखात्याला जरा बरा पगार. तिथे धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या नळीतली, सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा, ओठ लावून. म्हणून सवर्ण कामगार दलितांना त्या खात्यात येऊच देत नव्हते, त्यांची उष्टी थुंकी आपल्या तोंडाला नको. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा मुंबईतला तो मोठा संप चालला, दीड लाखाच्या आसपास माणसं, त्याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन निघाली, आणि बाबासाहेबांनी तेव्हा पुढाऱ्यांना हाच प्रश्न घातला, विणखात्याचं काय? म्हणजे शब्दात एकी होती, साच्यापाशी, म्हणजे मागापाशी, नव्हती. पण हेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष घेऊन कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाच्या संपात उतरले, काँग्रेस सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, आणि असेंब्लीत म्हणाले की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव. ज्यांना 'संप म्हणजे कामचुकारपणा' वाटतो त्यांनी ते भाषण काढून वाचावं, आणि मग माझ्याशी बोलावं.

हरताळ वरून आठवलं. 'तत्त्वांना हरताळ फासला' यातला हरताळ संपवाला नाही बरं का! तो हरिताल, पिवळं खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप फासून ते झाकायचे, म्हणून फासतात. दुकानवाला हरताळ हा हाटाला ताळं, बाजाराला कुलूप. एक पोथीतला, एक पेठेतला. परवा एका चॅनेलवर 'व्यापाऱ्यांनी हरताळ फासला' ऐकलं आणि टीव्ही बंद केला.

आणि टाळेबंदी! २०२० मध्ये लॉकडाऊनला टाळेबंदी म्हणायला लागले सगळे, अगदी सरकारी पत्रकांत. टाळेबंदी म्हणजे लॉकआउट हो. मालकाने गेटाला ताळं ठोकून कामगाराला बाहेर ठेवणं. वडील तेव्हा होते, बातम्या बघून म्हणाले, "कुठल्या मिलची?" हसायला आलं आणि वाईटही वाटलं. वडिलांचा तो संप, १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागे गिरण्यांतली अडीच लाख माणसं बाहेर पडली, तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आता सांगा प्राध्यापक महाशयांना, संप संपण्यावरून आला म्हणे! हा तर संपलाच नाही.

हां, तुमचा मूळ प्रश्न राहिला. टॅक्सीवाले. कंपनी म्हणते हे कामगार नाहीत, पार्टनर आहेत, म्हणून पेपरवाले घाबरून 'बंद' लिहितात. पण जो दर ठरवतो, कमिशन कापतो आणि मनात आलं की आयडी ब्लॉक करतो त्याच्याविरुद्ध ठरवून, मिळून ॲप बंद केलं असेल तर तो संप. रस्त्यावरची दुकानंही बंद करायला लावली तर बंद. एकट्याने कंटाळून केलं तर झोप. आणि कृपा करून 'अनिश्चितकालीन संप' लिहू नका, आपल्याकडे 'बेमुदत' हा चांगला खणखणीत शब्द आहे.