आजोबा तुझ्या नावात का नाहीत?

प्रिय सई,

काल झोपताना तू विचारलंस, "झैनबच्या आईचं लग्न झालं तरी तिच्या नावात तिच्याच बाबांचं नाव आहे. मग तुझ्या नावात आजोबा का नाहीत?" मी "झोप आता" म्हटलं. आज लवकर निघायचंय, म्हणून लिहून ठेवतेय.

आधी झैनब. अरबी कोशांत या नावाचा अर्थ सुवासिक झाड असा देतात. लोक दुसरी फोडही करतात: 'झैन' म्हणजे शोभा, 'अब' म्हणजे बाप. बापाची शोभा! जाणकारांना ती फारशी पटत नाही, मला मात्र तीच आवडते. पैगंबरांच्या लेकीचं हे नाव आणि नातीचंही. ६८० साली इराकमधल्या करबलाच्या लढाईत भाऊ मारला गेल्यावर ही नात दमास्कसला खलिफा यझीदच्या दरबारात कैदी म्हणून उभी राहिली आणि त्यालाच खडसावलं. कैरोतली एक अख्खी वस्ती तिच्या नावाने ओळखली जाते. तुझ्या मैत्रिणीला घरी 'झूझू' म्हणतात ना, ते याचंच लाडाचं रूप.

तिची आई सांगत होती, त्यांच्याकडे इजिप्तमध्ये सातव्या दिवशी बाळाला चाळणीत ठेवतात, आई त्याला सात वेळा ओलांडते आणि कानाशी पितळी खलबत्ता दणादण वाजवतात. मला आपला वरवंटा आठवला. तुझ्या बारशाला आजीने तो "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याखालून फिरवला. आत्याने कानात कुर्रर्र केलं, तेव्हा तिच्या पाठीत असे धपाटे पडले की नाव दोनदा सांगावं लागलं.

आता तुझा प्रश्न. इजिप्तमध्ये नावापुढे बाप, मग आजोबा; लग्नाने त्यात फरक पडत नाही. आपल्याकडे मधल्या जागी आधी वडील, लग्नानंतर नवरा. पणजीचं तर पहिलं नावही गेलं. ताटातल्या तांदळात पणजोबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, जुनं माहेरीच राहिलं. तिची बहीण मात्र शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारायची. माझं पहिलं नाव मी बदलू दिलं नाही. मधलं बदललं ते बँकेच्या फॉर्मवर, उभ्याउभ्या. कुणी सक्ती केली नव्हती गं. सगळ्याजणी तसंच लिहायच्या.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. तू त्याआधीची, म्हणून तुझ्या नावात मी नाही. याचा मला थोडा राग येतो, खरं सांगायचं तर.

डब्यात घुगऱ्या आहेत. झैनबलाही दे, तिखट कमी घातलंय.

तुझी,
आई