भाषा-शंका : ‘रिको’ म्हणजे श्रीमंत की चविष्ट?

प्रश्न : मी पुण्यात स्पॅनिश शिकते. आमच्या शब्दसूचीत ‘रिको’ म्हणजे ‘श्रीमंत’ असा अर्थ दिला आहे; परंतु मेक्सिकोतील एका पाककृतीच्या चित्रफितीत बाईंनी सुपाची चव घेतली आणि त्या ‘एस्ता मुय रिका’ असे म्हणाल्या. पुढे मी वर्गात ‘माझे काका श्रीमंत आहेत’ या अर्थाने ‘मि तिओ एस्ता रिको’ असे लिहिले, तेव्हा शिक्षिकांनी क्रियापदाखाली रेघ ओढली. हे दोन वेगळे शब्द आहेत का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : शब्द एकच आहे. तो ‘बलवान, सत्ताधारी’ अशा अर्थाच्या, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतील एका शब्दापासून आला असून, त्याचे कुळ थेट आपल्या ‘राजा’ शब्दाच्या कुळाला जाऊन मिळते. सत्तेवरून संपत्ती, संपत्तीवरून कोणत्याही गोष्टीची विपुलता आणि त्यापुढे जिभेला मिळणारे समाधान, इतका त्याचा अर्थविस्तार झाला आहे.

शिक्षिकांनी विशेषणाखाली नव्हे, तर क्रियापदाखाली रेघ ओढली, यातच आपल्या शंकेचे उत्तर आहे. मराठीत जिथे ‘असणे’ हे एक क्रियापद पुरते, तिथे स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन लागतात. कायमच्या गुणासाठी ‘सेर’ आणि तात्पुरत्या अवस्थेसाठी ‘एस्तार’, असा नियम अनेकदा शिकवला जातो. माझ्या मते तो विद्यार्थ्याला चकवतो, कारण पैसा आज आहे, उद्या नाही, तरीही श्रीमंतीसाठी ‘सेर’च येते आणि मृत्यूइतकी कायमची दुसरी गोष्ट नसतानाही ‘मेलेला आहे’ हे ‘एस्तार’नेच सांगतात. त्यापेक्षा आपल्या मराठीचाच आधार घ्यावा. ‘मोदक चविष्ट असतात’ हे आपण पदार्थाच्या एकंदर गुणाविषयी बोलतो. पहिला घास घेतल्यावर मात्र ‘भाजी छान झाली आहे’ असे म्हणतो आणि आंबा कापून पाहिल्यावर ‘गोड निघाला’ म्हणतो. जिथे मराठी मनात ‘झाली आहे’ किंवा ‘निघाला’ उमटते, तिथे स्पॅनिशमध्ये ‘एस्तार’ येते, हे पदार्थांच्या बाबतीत ध्यानात ठेवले तर सहसा चूक होत नाही. चित्रफितीतील बाईंनी समोरच्या वाटीतले सूप चाखून मत दिले, म्हणून ‘एस्तार’चे रूप ‘एस्ता’.

काकांसाठी ‘सेर’चे रूप ‘एस’ वापरून ‘मि तिओ एस रिको’ असेच लिहावे. माणसाविषयी ‘एस्ता रिको’ म्हटल्यास त्याच्या शारीरिक आकर्षकतेविषयी काहीशी सलगीची, बहुधा असभ्य वाटेल अशी टिप्पणी होते. त्यामुळे हा प्रयोग नात्यातल्या माणसांविषयी कटाक्षाने टाळावा. काकांनी केलेल्या सुपाचे कौतुक करायचे असेल तर ‘ला सोपा दे मि तिओ एस्ता रिका’ म्हणावे. इथे विशेषण सुपाचे असल्याने काका पुल्लिंगी असूनही ‘रिका’ होते. ‘चांगला, चांगली’ असे विशेषण बदलण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे जड जाऊ नये. नकाशावरही हा फरक दिसतो : ‘कोस्ता’ म्हणजे किनारा, तो स्त्रीलिंगी, म्हणून कोस्ता रिका, ‘पुएर्तो’ म्हणजे बंदर, ते पुल्लिंगी, म्हणून पुएर्तो रिको. या दोन्ही नावांत अर्थातच संपत्ती आहे, चव नाही.

विपुलतेचा अर्थ हवा असेल तर पुढे ‘एन’ जोडतात. ‘लास लेंतेखास सोन रिकास एन इयेर्रो’ म्हणजे मसुरात लोह भरपूर असते. इथे चवीचा प्रश्नच नसल्याने ‘सेर’ आले. ‘फारच चविष्ट’ यासाठी ‘रिकीसिमो’ हे रूप घरोघरी ऐकू येते. ते लिहिताना ‘क’चा उच्चार टिकावा म्हणून ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘क्यू’ आणि ‘यू’ ही दोन अक्षरे लिहावी लागतात आणि परीक्षेत इथे हमखास गुण जातात.

लॅटिन अमेरिकेतील बोलण्यात आणखी एक प्रयोग आढळेल. स्वयंपाकघरातून वास आला की तिथे ‘ला सोपा उएले रिको’, म्हणजे ‘सुपाचा वास छान येतोय’, असे म्हणतात. सूप स्त्रीलिंगी असूनही इथे ‘रिका’ होत नाही, कारण हा शब्द सुपाचे विशेषण न राहता ‘वास येणे’ या क्रियेचे क्रियाविशेषण झालेला असतो. असे वाक्य कानावर पडले तर ते चुकीचे समजू नये.