नर्सिंग शिकून कारकुनी?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलीनं बी.एस्सी. नर्सिंग केलं, तीन वर्षं आयसीयूत काढली आणि आता अमेरिकेतल्या आरोग्यविम्याची प्रकरणं स्वतंत्र वैद्यकीय पुनरावलोकनासाठी तयार करण्याची नोकरी तिला चालून आली आहे. ‘एवढं शिकून कारकुनीच करायची का?’ असं तुम्ही विचारता. ही कारकुनी नाही, हे मी ठामपणे सांगते. मात्र हे काम सगळ्यांना मानवत नाही.

तिथे विमा कंपनीनं एखादा उपचार ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ किंवा ‘प्रायोगिक आहे’ म्हणून नाकारला आणि कंपनीकडचं अपीलही फेटाळलं गेलं, तर रुग्णाला बाहेरच्या तज्ज्ञाकडे दाद मागता येते; हेच ते स्वतंत्र वैद्यकीय पुनरावलोकन. २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्ट या अमेरिकी आरोग्यविमा कायद्यानं हा हक्क बहुतेक खासगी योजनांना लागू केला. तज्ज्ञाचा निर्णय कंपनीला पाळावा लागतो. पण हा तज्ज्ञ रुग्णाला तपासत नाही. त्याच्यापुढे असते ती फक्त फाइल, आणि ती लावणार तुमची मुलगी.

समजा, मणक्याची शस्त्रक्रिया नाकारताना कंपनीनं कारण दिलं की आधी फिजिओथेरपी झालेली नाही. शेकडो पानांत त्या नोंदी भलत्याच दवाखान्याच्या कागदांमागे दडलेल्या असतात. कधी त्या आलेल्याच नसतात, मग मागवाव्या लागतात. काय गहाळ आहे हे ओळखायला वॉर्डात घडलेला डोळाच लागतो. आणि थेरपी दोनच वेळा झाली असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे तारखेनिशी मांडायचं. रुग्णाची कीव येते म्हणून नाही लपवायचं, कंपनी पैसे देते म्हणून नाही फुगवायचं. मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. नकाराचं पत्र, पॉलिसीतलं नेमकं कलम आणि तज्ज्ञाला विचारायचा प्रश्न एकमेकांशी जुळले नाहीत, तर चांगला डॉक्टरही चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देऊन मोकळा होतो.

घाई असतेच. संघीय नियमांनुसार साध्या प्रकरणाचा निकाल ४५ दिवसांत, तातडीच्या प्रकरणाचा ७२ तासांत द्यावा लागतो.

आता तिच्याशी बोला. रुग्णाचा हात हातात घेणं सुटेल, आणि पुढे त्याचं काय झालं हे बहुधा कळणारही नाही. ते तिला चालेल का? एखाद्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला केस रिपोर्ट घेऊन तिला तारखेवार एक पान लिहायला सांगा, स्वतःच्या मताचा एकही शब्द न घालता. रुग्णालयातले कागद मात्र सरावासाठी घरी आणू नयेत. लिहिताना तिला गोडी लागली, तर होकार द्यायला हरकत नाही.

त्याआधी नोकरी देणाऱ्या कंपनीला विचारा: दिवसाला किती प्रकरणं, प्रशिक्षण किती आठवडे, आणि तिनं तयार केलेली फाइल पुढे कोण तपासतं? नर्सिंगची नोंदणी मात्र तिनं चालू ठेवावी.