क्लासिकल आणि ऑपरंट कंडिशनिंग, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट आणि शिक्षा यांत कायम गोंधळ होतो, कसं समजून घेऊ?

तू लिहिलंयस की अकरावीला मानसशास्त्र घेतलंय, व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण पेपरात एखादा प्रसंग देऊन "हे कुठलं अभिसंधान" (अभिसंधान म्हणजेच कंडिशनिंग, अनुभवाने गोष्टी जोडून शिकणं) असं विचारलं की पेन थांबतं, आणि निगेटिव्ह रिइन्फोर्समेंटच्या जागी दर वेळी शिक्षाच लिहिली जाते. मी याच वयाच्या मुलांना हा विषय शिकवते आणि माझा अनुभव असा की व्याख्या घोटून पाठ केलेली मुलंच इथे जास्त अडकतात. व्याख्येत माणूस नसतो ना, प्रसंगात असतो, आणि बऱ्याचदा एक नाही, दोन असतात. त्यावर पुढे येतेच.

आधी क्लासिकलवाला पाव्हलॉव्ह उरकू. हा माणूस मुळात शरीरशास्त्रज्ञ, 1904 चं नोबेल त्याला मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास चालू असताना लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटतेय, आणि मग त्याने त्याचाच पाठपुरावा केला. पुस्तकात घंटा असते पण त्याने मेट्रोनोम, बझर, दिवा असलं बरंच काही वापरलं, ते असो. तुझ्या गोंधळाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की त्या कुत्र्याने काहीही केलं किंवा नाही केलं तरी घंटेनंतर अन्न येणारच होतं. लाळ गाळली म्हणून अन्न मिळालं असं नाहीये. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगाच्या पेटीतल्या उंदराचं उलट आहे, त्याने दांडा दाबला तरच दाणा, नाही दाबला तर बस उपाशी. म्हणजे प्रसंग वाचलास की पहिला प्रश्न हाच विचारायचा की जे मिळालं किंवा टळलं ते त्या प्राण्याच्या वागण्यावर अवलंबून होतं का? नसेल तर क्लासिकल, असेल तर ऑपरंट. "आपोआप होणारी क्रिया आणि ऐच्छिक क्रिया" हा फरकही पुस्तकं देतात, चूक नाहीये तो, पण भीतीने पळून जाणं आपोआप की ऐच्छिक असा वाद सुरू झाला की त्याचा उपयोग होत नाही.

आता क्लासिकलमध्ये ते यूसीएस (न शिकवताच प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट), सीएस (शिकल्यावर प्रतिक्रिया घडवणारी गोष्ट) वगैरे ओळखायला सगळ्यात चांगला प्रयोग म्हणजे वॉटसन आणि रेनर यांचा 1920 चा, छोट्या अल्बर्टचा. त्या बाळाला पांढरा उंदीर दाखवला, ते अजिबात घाबरलं नाही, उलट हात लावायला गेलं. मग उंदीर समोर आला की मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारून कर्कश आवाज करायचा, असं काही वेळा केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी रडायला लागलं. माझ्या वर्गात निम्मी मुलं इथे उंदराला यूसीएस म्हणतात, कारण गोष्टीत तो महत्त्वाचा वाटतो. तसं नाही, शिकवल्याशिवाय जे परिणाम करतं ते यूसीएस, म्हणजे तो आवाज. उंदीर आधी तटस्थ होता, नंतर सीएस झाला. आवाजाने रडणं यूसीआर (न शिकलेली प्रतिक्रिया), उंदराने रडणं सीआर (शिकलेली प्रतिक्रिया), रडणं तेच पण कशामुळे ते वेगळं. पुढे ते बाळ सशाला आणि केसाळ कोटालाही घाबरायला लागलं, हे सामान्यीकरण, म्हणजे मिळत्याजुळत्या गोष्टींनाही तीच प्रतिक्रिया. आणि ही भीती काढून न टाकताच प्रयोग संपला, आज कुठलीही नीतिसमिती असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. भीती घालवता येते हे 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्सने दाखवलं, सशाला घाबरणाऱ्या एका मुलाला आवडीचं खायला देत देत ससा हळूहळू जवळ आणून.

आता तुझं खरं दुखणं, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. इथे फक्त दोन गोष्टी बघायच्या, वागण्यानंतर काही आलं की गेलं, आणि ते वागणं पुढे वाढलं की कमी झालं. पॉझिटिव्ह म्हणजे आलं, निगेटिव्ह म्हणजे गेलं, चांगल्या-वाईटाचा काही संबंध नाही. रिइन्फोर्समेंट म्हणजे वागणं वाढलं, शिक्षा म्हणजे कमी झालं. पहाटे अलार्म वाजतो, तू स्नूझ दाबतोस किंवा दाबतेस, कटकट थांबते, त्यामुळे उद्या हात आणखी लवकर स्नूझवर जातो, हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. काहीतरी नकोसं गेलं आणि दाबणं वाढलं. उशिरा आलास म्हणून फोन काढून घेतला आणि उशिरा येणं कमी झालं, तर गेलं इथेही पण वागणं घटलं, म्हणून ती निगेटिव्ह शिक्षा. आणि हो, ओरडा खाऊनही वागणं कमी झालं नाही तर मानसशास्त्राच्या भाषेत ती शिक्षा ठरतच नाही, ओरडणाऱ्याला काहीही वाटो. वर्गात मुद्दाम दंगा करणाऱ्या मुलावर शिक्षक चिडतात, सगळे वळून बघतात आणि त्याचा दंगा आणखी वाढतो, हे पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट आहे बरं का, त्याला लक्ष मिळालं.

आता ते दोन माणसांचं. दुकानात लहान मूल चॉकलेटसाठी भोकाड पसरतं, आई शेवटी वैतागून घेऊन देते, रडणं थांबतं. परीक्षेत विचारलं की हे काय, तर अर्धा वर्ग एक लिहितो, अर्धा दुसरं लिहितो, आणि दोन्ही बरोबर असू शकतात! मुलाच्या बाजूने बघ, रडल्यावर चॉकलेट आलं, पुढच्या वेळी रडणं वाढणार, पॉझिटिव्ह रिइन्फोर्समेंट. आईच्या बाजूने बघ, घेऊन दिल्यावर रडण्याचा त्रास गेला, पुढच्या वेळी ती आणखी लवकर घेऊन देणार, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. दोघं एकमेकांना शिकवतायत आणि दोघांनाही पत्ता नाही. म्हणून उत्तर लिहायच्या आधी प्रश्नात कोणाच्या वागण्याबद्दल विचारलंय त्या नावाखाली रेघ मार. माझ्या मते तुझा निम्मा गोंधळ इथेच आहे, तू बहुतेक आईचं वागणं आणि मुलाला मिळालेलं फळ असं मिसळून वाचत असणार.

दोन्ही अभिसंधानं एकाच प्रसंगात असतात तेही लक्षात ठेव. परीक्षेत एकदा सपाटून मार्क गेलेत, आता त्या विषयाचं पुस्तक दिसलं तरी पोटात गोळा येतो, हा भाग क्लासिकल. मग पुस्तक बंद करून फोन हातात घेतला की गोळा जातो, बरं वाटतं, म्हणून उद्याही पुस्तक बंद, हा भाग ऑपरंट आणि तोही निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. टाळाटाळ एवढी चिवट का असते याचं बरंचसं उत्तर यात आहे, कारण टाळल्यामुळे पुस्तक उघडूनही काही वाईट होत नाही हे कळायची संधीच येत नाही, आणि भीतीचं विलोपन (शिकलेली प्रतिक्रिया हळूहळू पुसली जाणं) व्हायला ती संधी लागते. हाच फोन सारखा सारखा बघण्यामागे आणखी एक गोष्ट असते, दर वेळी काही मजेशीर सापडत नाही, कधीतरी सापडतं. स्किनरच्या कामातून दिसलं की असं अनियमित मिळणारं प्रबलन (म्हणजे रिइन्फोर्समेंट) दर वेळी मिळणाऱ्यापेक्षा सवय जास्त टिकवतं, बक्षीस बंद झालं तरी प्राणी बराच काळ प्रयत्न करत राहतो.

स्वतःला बक्षीस न मिळताही शिकणं दाखवणारे दोन मानसशास्त्रज्ञ, टोलमन आणि बांडुरा, थोडक्यात सांगते. टोलमन आणि हॉन्झिक यांनी 1930 मध्ये उंदरांना भूलभुलैयात सोडलं, एका गटाला पहिले दहा दिवस काहीच खायला ठेवलं नाही, अकराव्या दिवसापासून ठेवलं, आणि त्यांच्या चुका झपकन कमी झाल्या. म्हणजे रस्ता त्यांना आधीच कळला होता, फक्त दाखवायला कारण नव्हतं. बांडुराच्या 1961 च्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुल्याला बदडताना बघून मुलांनीही तसंच बदडलं, त्यांना स्वतःला त्याबद्दल काहीच मिळालं नव्हतं. दोन्हींतून एकच निघतं की शिकण्यासाठी प्रत्येक वेळी स्वतःला बक्षीस मिळायलाच हवं असं नाही.

राहिला लक्षात ठेवण्याचा प्रश्न. तुझा गोंधळ हा स्वतःच स्मृतीच्या प्रकरणातलं उदाहरण आहे. सारखी दिसणारी माहिती एकापाठोपाठ वाचली की एक दुसरीला अडवते, जुनी नव्याला अडवते तेव्हा प्रोॲक्टिव्ह, नवी जुन्याला अडवते तेव्हा रिट्रोॲक्टिव्ह. त्यामुळे चारही प्रकार एका बैठकीत चारदा वाचण्यात काही अर्थ नाही, आज एकच प्रकार नीट वाच, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून काढ, दोन दिवसांनी परत तेच न बघता लिही. एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरं पाठ करण्याचे प्रयोग छापले, त्यातही हेच दिसलं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगात होतं आणि नंतर मंदावतं, आणि एका दमात घोकण्यापेक्षा दिवस विभागून केलेलं पाठांतर कमी कष्टात होतं.

आता एक तुझ्यासाठी. कुत्रा भुंकतो, शेजारचा माणूस खिडकीतून ओरडतो, कुत्रा गप्प बसतो, काही दिवसांनी तो माणूस जास्तच ओरडायला लागतो आणि कुत्र्याचं भुंकणंही कमी होत नाही. माणसाच्या बाजूने काय आणि कुत्र्याच्या बाजूने काय, ते कारणासकट खाली लिही, मी बघून सांगते.